चारशे शहात्तर नंबर आला नाही

काकूंना रिकामी जागा बघवत नाही, हे त्यांच्या घरी आणि दवाखान्यात सगळ्यांना पाठ आहे. अंड्यांच्या ट्रेमध्ये एक खळगा रिकामा दिसला, की त्या एका अंड्यासाठी तीन जिने उतरून दुकानात जातात. सहा कपांतला एक फुटला, तर उरलेले पाच शेजारणीला देऊन टाकतात आणि नवे सहा आणतात. "माझे पुढचे दोन दात पडले तेव्हा मी घाबरलोच," असं त्यांचा नवरा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो. "म्हटलं, आता मलाही शेजारी देऊन टाकते की काय."

ही खोड लग्नाआधीची. तेव्हा काकू औषधाच्या बाटल्या भरायच्या कारखान्यात पॅकिंगला होत्या. एका खोक्यात आठ बाटल्या. सात बाटल्यांचं खोकं चुकून पुढे गेलं, की सुपरवायझर बाई सगळं काम थांबवायची आणि जिच्या हातून ते गेलं तिच्याकडे नुसती बघत उभी राहायची. ओरडायची नाही. ओरडली असती तर परवडलं असतं. पाच वर्षं ती नजर सोसल्यावर आठाचा आकडा काकूंच्या बोटांत जाऊन बसला, तो कायमचाच.

पुढे लग्न झालं, मुलगी झाली, मुलगी शाळेत जायला लागल्यावर काकूंनी रक्त तपासायचा कोर्स केला आणि सरकारी दवाखान्याच्या लॅबमध्ये लागल्या. तळमजल्यावर, एक्स-रेच्या शेजारी, लांबट खोली. एका भिंतीला फ्रिज, दुसऱ्या भिंतीला ओटा, ओट्यासमोर काकूंचं स्टूल. त्या स्टुलाचं रेक्झिन कधीचं फाटलेलं, आतला फोम पिवळा पडून बाहेर डोकावणारा. नव्या स्टुलासाठी काकूंनी चार अर्ज केले होते. चारही अर्ज पोचल्याच्या पावत्या त्यांच्याकडे आहेत, स्टूल मात्र आलं नाही. त्या फाटक्या स्टुलावर बसून काकूंनी सव्वीस वर्षांत किती लोकांचं रक्त तपासलं असेल याचा हिशेब नाही. स्वतःचं मात्र कधीच नाही. हलवायाला आपली मिठाई गोड लागत नाही म्हणतात तसलं काही नव्हतं, फक्त सुचलंच नाही.

दोन वर्षांपूर्वी दवाखान्यात एक नवीन डॉक्टरीण आली. वयाने काकूंच्या लेकीएवढी, बोलायला फटकळ, कामाला वाघीण. तिने आल्या आल्या ठरवलं, की गावाबाहेरच्या कारखान्यांच्या शेडमधल्या सगळ्या कामगारांची हिपॅटायटिस सी या विषाणूसाठी तपासणी करायची. हा विषाणू मोठा लबाड. वीस-वीस, तीस-तीस वर्षं रक्तात मुकाट राहतो, लिव्हर पोखरतो आणि माणसाला वाटतं आपण जरा थकलोय. वेळेत कळलं तर तीन महिन्यांच्या गोळ्यांनी बरा होतो. वेळेत कळायचं कसं, एवढाच प्रश्न. यादीत कामगार चारशे ऐंशी आणि तपासणीचे किट शंभर.

"पुरतील," डॉक्टरीण म्हणाली. "आठ-आठ जणांचं एकत्र लावायचं."

म्हणजे असं, की प्रत्येकाची नळी वेगळीच ठेवायची. आठ नळ्यांतून थोडं थोडं रक्तावरचं पिवळं पाणी काढायचं, एका नवीन नळीत मिसळायचं आणि ते मिश्रण एका किटवर तपासायचं. मिश्रणात विषाणू नाही, तर आठही जण मोकळे, एका किटमध्ये. विषाणू निघाला, तर त्या आठांच्या मूळ नळ्या फ्रिजमधून काढून एकेक तपासायची.

काकूंनी मान हलवली, पण मनातून पटलं नव्हतं. आठ जणांचं एकत्र कालवायचं, हे त्यांना आयुष्यभर शिकलेल्या सगळ्याच्या उलटं वाटत होतं. घरी जाऊन त्यांनी नवऱ्याला सांगितलं. नवरा वायरमन. तो पंखा उघडून बसला होता, त्याने मान वरही केली नाही.

"त्यात काय आहे? घरात कुठेही शॉर्ट झालं तरी मेन स्विच पडतो. मग आपण एकेक खोली बघतो. मेन पडलाच नाही, तर आठ खोल्यांत टेस्टर घेऊन फिरतो का आपण?"

"एवढं सोपं आहे होय?"

"सोपंच आहे. तुमच्या डॉक्टरणीने पंखे दुरुस्त केले असते तर तिलाही एवढे शब्द लागले नसते."

तेव्हापासून लॅबमध्ये "मेन पडला का?" हीच भाषा सुरू झाली. डॉक्टरीणसुद्धा तेच म्हणायला लागली.

शेडमधल्या कॅन्टीनच्या टेबलांवर पाच दिवस रक्त घेणं चाललं. सुतार, वेल्डर, धुलाईवाल्या, रंगारी, सगळे बाह्या वर करून रांगेत. पाचव्या दिवशी दुपारी काकू शेवटचा रॅक लावत होत्या. चारशे त्र्याहत्तर ते चारशे ऐंशी. सात नळ्या उभ्या होत्या आणि मधोमध एक भोक रिकामं होतं. चारशे शहात्तर नंबर आला नव्हता.

"कोण आहे हा?" काकूंनी विचारलं.

"आमचा पैलवान," रांगेतला एकजण हसत म्हणाला. "सोफे शिवतो. सकाळपासून गायब आहे."

काकूंनी निरोप धाडला, पुन्हा धाडला. पैलवान काही सापडला नाही. चारशे एकोणऐंशी लोक आले आणि हा एकटा नाही. काकूंची नजर पुन्हा पुन्हा त्या भोकाकडे जाई. आवराआवर सुरू झाली, सिस्टर पेटी बंद करायला लागली, तेव्हा काकूंना राहवेना.

"सिस्टर, थांब. माझंच काढ."

"तुमचं? तुम्ही कुठे यादीत आहात?"

"नसू दे. आठ लागतात ना? सातचं खोकं पुढे कसं पाठवायचं?"

सिस्टर हसली, काकूंच्या दंडाला पट्टा बांधला आणि नळी भरून दिली. काकूंनी त्या नळीवर चिकटपट्टी लावली. नंबर काय घालायचा? दुसऱ्याचा नंबर घालणं म्हणजे पाप, एवढं त्यांना कळत होतं. म्हणून त्यांनी त्यावर लिहिलं, 'रिकामी'. नळी भोकात बसवली, रॅक भरला आणि त्यांचा जीव भांड्यात पडला.

पुढच्या आठवड्यात साठ मिश्रणं मशीनवर लागली. अठ्ठावन्न सरळ मोकळी. एक मेन मधेच पडला होता, त्यातून एक वेल्डर सापडला आणि त्याच्या गोळ्या सुरूही झाल्या. दुसरा पडला तो शेवटच्या रॅकचा.

"काढा काकू नळ्या," डॉक्टरीण म्हणाली.

मशीनला चार कप्पे. काकूंनी नंबर असलेल्या पहिल्या चार नळ्या लावल्या आणि स्टुलावर येऊन बसल्या. दोन तास. एवढ्या वेळात त्यांना चिंता होती ती फक्त त्या सात जणांची. त्यात एक धुलाईवाली होती, पोटुशी. तिचं निघू नये म्हणून काकू मनातल्या मनात विनवण्या करत होत्या. चारही मोकळे निघाले. धुलाईवालीही मोकळी.

"आता चारशे अठ्ठ्याहत्तरपासून पुढचे," डॉक्टरीण म्हणाली आणि रॅकवर वाकली. "हे काय? रिकामी म्हणजे? यात तर रक्त आहे."

काकूंनी सांगितलं. डॉक्टरीण अशी कडाडली, की एक्स-रेवाला दारात येऊन उभा राहिला.

"सात होते तर सातच लावायचे! मशीनला काय आठाची शपथ घातलीये? यादीबाहेरचं रक्त, नाव नाही, नंबर नाही! सव्वीस वर्षं झाली तुम्हाला लॅबमध्ये!"

चूक होती, ती चूकच होती. डॉक्टरणीने तीन नळ्या लावल्या. चौथ्या कप्प्यापाशी तिचा हात थांबला. मग तिने 'रिकामी'सुद्धा लावली.

पुन्हा दोन तास. आता मात्र काकूंचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. उरलेल्या चारांपैकी कुणाचं तरी निघणारच होतं, कारण मेन पडलेला होता. आणि तेव्हा त्यांच्या मनात आलं, त्या तिघांपैकी कुणाचं तरी निघू दे. हे मनात आलं आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली. सव्वीस वर्षांत कुणाच्या नळीबद्दल त्यांनी असं चिंतलं नव्हतं. हे त्यांनी नवऱ्यालाही कितीतरी महिन्यांनी सांगितलं.

पहिल्या कप्प्याचं उत्तर आलं. मोकळा. दुसरा मोकळा. तिसराही. चौथ्याला अजून वीस मिनिटं होती. काकूंनी उठून हात धुतले, ओटा पुसला, पिपेटा जागच्या जागी ठेवल्या. डॉक्टरीण खुर्ची ओढून त्यांच्या फाटक्या स्टुलाशेजारी बसली. तिने काकूंचा ओला हात हातात घेतला.

"काकू, कधी रक्त चढवलं होतं तुम्हाला?"

चढवलं होतं. लेकीच्या वेळी. बाळ सुखरूप बाहेर आलं आणि काकूंचं रक्त थांबेना. एक बाटली चढवली होती. कुणी अनोळखी माणूस येऊन देऊन गेला होता. एकतीस वर्षं झाली. त्या काळी या विषाणूची तपासणी त्यांच्या दवाखान्यात कुणाला ठाऊकही नव्हती.

वीस मिनिटांनी मशीनने जे सांगितलं ते दोघींना आधीच कळलं होतं.

घरी सांगणं सोपं नव्हतं. नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि जागेवरून उठून घरातला प्रत्येक दिवा एकदा लावून, एकदा बंद करून पाहिला. दिवसाउजेडी. लेक दुसऱ्या दिवशी सकाळीच आली आणि आईच्या गळ्यात पडली. काकूंना स्वतःपेक्षा तिची धास्ती. बाळंतपणातलं, अंगावर पाजलेलं, एकतीस वर्षांतलं सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून जात होतं. बाप-लेकीचं रक्त घेताना डॉक्टरणीने विचारलं, "वेगळं लावू की एकत्र?"

"एकत्रच लावा," नवरा म्हणाला. "मेन पडला तर बघू."

मेन पडला नाही. काकूंनी तो कागद अजून डब्यात जपून ठेवला आहे. स्टुलाच्या पावत्यांसोबतच, पण त्यांच्या वर.

लिव्हरची सोनोग्राफी झाली. लिव्हर निबर व्हायला लागलं होतं, पण हाताबाहेर गेलं नव्हतं. "अजून चार-पाच वर्षं कळलं नसतं तर मी तुम्हाला काहीच देऊ शकले नसते," डॉक्टरीण म्हणाली. तिला फटकळपणाची सवय, पण हे बोलताना तिने खिडकीबाहेर पाहिलं. काकूंना दोन वर्षांपासून जिना चढताना धाप लागत होती. त्यांनी ते वयाच्या खात्यावर टाकलं होतं. घरातली बाई थकते, यात कुणाला नवल वाटतं? त्यांना स्वतःलाही वाटलं नव्हतं.

मग रोज एक गोळी. तीन महिने. नवरा सकाळी चहाबरोबर बशीत गोळी ठेवायचा आणि काकू ती गिळेपर्यंत दारात उभा राहायचा, वीजबिल वसूल करायला आल्यासारखा. गोळ्या संपल्या. पुन्हा तीन महिने थांबून रक्त तपासलं. काकूंनी ती नळी स्वतः लावली, नाव घालून, नंबर घालून. विषाणू नव्हता. डॉक्टरणीने काकूंना मिठी मारली आणि म्हणाली, "यापुढे एकही रिकामी जागा भरायची नाही." काकूंनी कानाला खडा लावला. अंड्यांच्या ट्रेचा अपवाद ठेवून.

सगळ्यांचे आभार मानून झाले. सिस्टरचे, डॉक्टरणीचे, मशीनचेसुद्धा. त्या मशीनवरची धूळ काकू आता स्वतःच्या रुमालाने पुसतात. तरी एक माणूस राहिलाच होता. काकूंना रुखरुख लागली. एका मंगळवारी त्यांनी अर्धी रजा टाकली आणि शेडची बस पकडली.

सोफ्यांची शेड टोकाला. आत सांगाडे, स्पंज, कापडाचे तागे आणि जमिनीवर गुडघे टेकून बसलेला एक अजस्र माणूस. मनगटं सोटे असावेत तशी. तोंडात खिळे धरलेले, हातात वीतभर लांबीचं दाभण. ते जाड कापडातून असं आरपार जात होतं, जसं लोण्यातून. काकूंच्या गळ्यातलं दवाखान्याचं ओळखपत्र दिसताच त्या माणसाच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

"मी त्या दिवशी आजारी होतो," खिळ्यांच्या आडून तो म्हणाला.

"खोटं," पलीकडून कुणीतरी ओरडलं. "तीन सीटच्या सोफ्यात शिरून बसला होता! वरून कापड ओढून! आम्ही त्यावरच बसून डबे खाल्ले!"

सगळी शेड हसली. पैलवानाने तोंडातले खिळे एकेक करून तळहातावर काढले. "काय करणार? मला सुई बघवत नाही, बाई. इंजेक्शनची."

"आणि हातात काय आहे ते?"

"हे दाभण आहे. हे माझ्या हातात असतं. ती दुसऱ्याच्या हातात असते."

काकूंनाही हसू आवरलं नाही. मग त्या तिथल्याच एका सांगाड्यावर टेकल्या आणि म्हणाल्या, "मी रागवायला नाही आले. तुम्ही आला नाहीत, त्याबद्दल आभार मानायला आले."

पैलवानाला वाटलं, ही टिंगलच. काकूंनी त्याला सगळं सांगितलं. रॅकमधलं भोक, 'रिकामी', पडलेला मेन, चौथा कप्पा.

"मला आयुष्यात दोन माणसांनी वाचवलं," काकू म्हणाल्या. "एकतीस वर्षांपूर्वी एकजण आला. कोण ते मला माहीत नाही. त्याने रक्त दिलं म्हणून मी माझी पोर पाहिली. त्या रक्तात काय होतं ते त्या बिचाऱ्याला तरी कुठे ठाऊक? माझा त्याच्यावर राग नाही, एवढासाही नाही. पण त्याला शोधून काढणं आता शक्य नाही. दुसरा माणूस आला नाही. तो आला नाही म्हणून मी आज इथे बसले आहे. तो सापडण्यासारखा होता, म्हणून आले."

पैलवानाने तळहातावरचे खिळे बाजूला ठेवले. "माझी बायको सव्वा वर्ष मला ऐकवतेय, की एवढा आडदांड माणूस आणि सोफ्यात लपतो," तो म्हणाला. "न गेल्याबद्दल कुणी थँक्यू म्हणेल असं वाटलं नव्हतं." मग त्याने विचारलं, "माझी जागा तुम्ही भरलीत. माझं राहिलंच की तपासायचं?"

"राहिलंय."

"रक्त घ्यायच्या सामानाची पिशवी आणली आहे?"

काकूंची पिशवी कायम बरोबर असते. पैलवानाने हात पुढे केला, तोंड भिंतीकडे वळवलं आणि डोळे घट्ट मिटले. काकू पट्टा बांधताना तो बोलतच राहिला, भीती घालवायला. दोन-दोन तास बसता कुठे, लॅबमध्ये खुर्च्या कसल्या आहेत. काकूंनी स्टुलाचं वर्णन केलं. फाटकं रेक्झिन, बाहेर आलेला फोम, चार अर्ज. पैलवानाने डोळे उघडले आणि त्यांच्याकडे संतापाने पाहिलं. "सव्वीस वर्षं त्यावर? लोकांची लिव्हरं बघता आणि स्वतःच्या बुडाखाली बघत नाही?" तोवर नळी भरून झालीही होती. काकूंनी चिकटपट्टीवर त्याचं नाव लिहिलं आणि नंबर घातला, चारशे शहात्तर.

दुसऱ्या दिवशी त्याचा एक माणूस येऊन स्टूल उचलून घेऊन गेला. चार दिवस काकूंनी उभ्याने काम केलं. त्या आठवड्यात दवाखान्यात सात जणांचं रक्त तपासायचं होतं, कागदावरची सात अनोळखी नावं. पैलवानाचं आठवं. काकूंनी डॉक्टरणीला तीनदा यादी दाखवली, आठही नावं, आठही नंबर, आणि मगच मिश्रण केलं.

सोमवारी सकाळी पैलवान स्वतः स्टूल घेऊन आला. दवाखान्याच्या दारातून आत यायला त्याला पाव तास लागला, असं एक्स-रेवाला सांगतो. स्टुलाला तपकिरी कापड, चारी बाजूंनी दुहेरी शिवण, आत नवा जाड फोम. ते ओट्यासमोर ठेवून तो छातीवर हात बांधून उभा राहिला. घाम फुटला होता, पण उभा राहिला.

"मेन पडला नाही," काकू म्हणाल्या. "आठही जण मोकळे."

पैलवानाने मोठा श्वास सोडला. निघताना तो दारात वळला.

"त्या बाकीच्या सातांना सांगाल का? म्हणावं, चारशे शहात्तर नंबर या वेळी आला होता."

काकूंनी मान हलवली. तो गेल्यावर त्या नव्या स्टुलावर बसल्या आणि पदर नव्हता म्हणून ॲप्रनच्या बाहीनेच डोळे पुसून पुढची नळी हातात घेतली.